एव्हरशाईन ते गास, मुक्यानं

आमच्या ओळखीत युरोप करून आलेली चार घरं आहेत. त्यातल्या प्रत्येकानं मला बोलावून, गार झालेला चहा पाजून, बर्फाचे फोटो दाखवून दमवलेलं आहे. आता माझी पाळी. मी वसई पूर्वेच्या एव्हरशाईन सिटीतून निघून सोपाऱ्याजवळच्या गास गावी गेले. अंतर म्हणाल तर सात-आठ किलोमीटर. मध्ये रेल्वेचे रूळ, एक उड्डाणपूल, थोडी शेतं. रिक्षावाला अर्ध्या तासात नेतो. मला पावणेचार तास लागले, आणि तेवढ्या वेळात मला बोलायची बंदी होती.

मी तीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं. माझा आवाज पटांगणाच्या पलीकडच्या वर्गात ऐकू जायचा, असं आमच्या मुख्याध्यापकबाई कौतुकानं म्हणायच्या की वैतागून, ते मी कधी विचारलं नाही. अशा बाईला मे महिन्याच्या उन्हात, घर हलवायच्या दिवशी तोंड मिटून बसायला लावणं ही काय शिक्षा आहे ते ज्यानं भोगलं त्यालाच कळेल. त्या दिवशी जे जे गिळलं ते आता लिहून काढते आहे.

एव्हरशाईन सिटी, सकाळ

आम्ही चौथ्या मजल्यावर राहत होतो. बिल्डिंगला लिफ्ट आहे, म्हणजे लिफ्टचा दरवाजा आहे आणि त्यावर ‘बंद आहे’ अशी पाटी आहे. ती दुरुस्त करण्यासाठी सोसायटीच्या सभा होत. सभेत चहा होई, बिस्किटं होत, कोण किती वर्षांपूर्वी काय बोललं याची उजळणी होई आणि लिफ्ट तशीच राही. माझ्या सासूबाई एक्याऐंशी वर्षांच्या. गुडघे गेलेले. संक्रांतीला खाली उतरल्या होत्या त्यानंतर थेट घर सोडायच्या दिवशीच उतरल्या. मधले चार महिने त्यांनी खिडकीतून समोरच्या बिल्डिंगचे वाळत घातलेले कपडे पाहिले. म्हणून माझा नवरा सुहास आणि मी गासला एक बैठं घर घेतलं. चार घरांची रांग, त्यातलं शेवटचं. पुढे अंगण, दारात तुळस लावायला जागा. घर आईंसाठी घेतलं होतं, हे इथेच स्पष्ट सांगते.

आई तयार झाल्या, पण एका अटीवर.

“देव जाणार ते मुक्यानं,” त्या म्हणाल्या.

“म्हणजे?”

“देवांचा डबा ज्याच्या हातात, त्यानं इथला उंबरा ओलांडल्यापासून तिथल्या देवघरात देव मांडेपर्यंत शब्द काढायचा नाही. डबा कुठे टेकवायचा नाही. आणि देव आत गेल्याशिवाय घरात बाकी काही जायचं नाही, माणूससुद्धा. आमच्यात असंच आहे.”

“सुहासला द्या डबा.”

“त्याचा फोन दर मिनिटाला वाजतो. तो काय गप्प बसणार! शैला, थोरली सून तू आहेस.” मग त्यांनी ते नेहमीचं वाक्य म्हटलं. “मागच्या वेळी तुझे सासरे बोलले. आणि सातव्या महिन्यात गेले.”

हे वाक्य मी सव्वीस वर्षं ऐकते आहे. परळच्या खोलीतून हे लोक एव्हरशाईनला आले तेव्हा मी बाळंतपणाला माहेरी चिपळूणला होते, त्यामुळे प्रत्यक्ष काही पाहिलं नाही. पण माझे सासरे, अण्णा, यांच्या हृदयात तीन ठिकाणी अडथळे होते हे डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं. एवढं असून माणूस गेला तो त्याच्या बोलण्यानं! मेलेल्या माणसावर त्याच्याच मरणाचा ठपका ठेवायचा, आणि तोही दर सणाला, पाहुण्यांसमोर. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. अण्णा भले गृहस्थ होते. माझ्या हातचं पहिलं करपलेलं पिठलं त्यांनी मागून घेऊन खाल्लं होतं.

“आणि मी बोलले तर?” मी विचारलं.

“तर मी त्या घरात पाऊल ठेवणार नाही. अनिलकडे डोंबिवलीला जाईन.”

अनिल माझा दीर. तिसरा मजला, आणि तिथे लिफ्टचा दरवाजासुद्धा नाही. म्हणजे हे सगळं ज्यांच्यासाठी चाललंय त्या उरलेलं आयुष्य दुसऱ्या एका खिडकीत काढणार. मी शब्द दिला. माझा या गोष्टींवर काडीचा विश्वास नाही, पण शब्द दिला की दिला.

रविवारी सकाळी टेम्पो आला आणि चमत्कार झाला. लिफ्ट चालू होती! चार महिन्यांत पहिल्यांदा. आमचे सेक्रेटरी लेंग्यावर खाली उभे होते, हातात नियमांचा कागद.

“सामान दहा ते बाराच हलवायचं. आणि लिफ्टमधून नाही हं मॅडम. लिफ्टला लोड येतो.”

“लोड येतो म्हणजे? माणसं चालतात आणि कपाट नको?”

“माणसंसुद्धा कमीच आणा,” ते म्हणाले.

चौघा हमालांनी फ्रिज चार मजले जिन्यानं उतरवला. आई आणि सुहास मात्र लिफ्टनं उतरले, तेवढी मेहेरबानी झाली, आणि ते घर उघडायला रिक्षानं पुढे गेले. मी देव डब्यात ठेवले: कुलदेवीचा टाक, बाळकृष्ण, अन्नपूर्णा, शंख. पितळी डबा, त्याला तांबडं वस्त्र. दोन्ही हातांत डबा धरून मी उंबरा ओलांडला आणि तोंड मिटलं.

दुसऱ्या मजल्यावर एका शेजारणीनं दार उघडलं. माझ्या पुढे दोन हमाल गाद्या घेऊन चालले होते, मागे दोघे वॉशिंग मशीन घेऊन. तिनं हे सगळं नीट पाहिलं आणि विचारलं, “घर सोडताय वाटतं?”

नाही, मशीनला वारा खायला नेतेय. हे उत्तर माझ्या जिभेच्या टोकावर आलं, आणि मी ते गिळलं. तिला वाटलं मी शिष्टपणा केला. नंतर तिनं दोन जणींना तसं सांगितल्याचं कळलं. सोळा वर्षांचा शेजार असा संपला.

खाली आल्यावर मला आठवलं की माझी पर्स रिक्षात गेली. पर्समध्ये फोन, पेन, चष्मा, सगळं.

वसई फाटा आणि पुढे

टेम्पोचा ड्रायव्हर बालाजी. बीडकडचा, पंचविशी ओलांडलेला, वसईत येऊन चार महिने झालेले. सुहासनं रिक्षात बसण्याआधी त्याला पत्ता सांगितला होता, माझ्या समोर. “गासला जायचंय. गास. माहीत आहे ना?”

“माहीत हाये की साहेब,” तो म्हणाला.

जो माणूस विचारल्याबरोबर माहीत आहे म्हणतो त्याला आणखी दोनदा विचारावं. हे मी वर्गात पाळलं आणि इथे विसरले. आमचे दोन गॅस सिलिंडर सगळ्यात शेवटी राहिले होते, ते हमालांनी पुढे माझ्या पायाशी ठेवले. हमाल मागे ताडपत्रीखाली सामानात बसले आणि सव्वाअकराला आम्ही निघालो.

गासला जायचं तर पुलावरून पश्चिमेला जावं लागतं. टेम्पो पुलाकडे वळला नाही. तो वसई फाट्याकडे वळला, म्हणजे बरोबर उलटा. मला वाटलं, पेट्रोल भरायचं असेल. फाटा आला. पंप आला, पंप गेला. टेम्पो महामार्गाला लागला.

मी हनुवटीनं मागे दाखवलं.

“काच लावू म्हन्ता?” बालाजीनं काच लावली. बाहेर आगीसारखं ऊन आणि आत बंद काच.

मी जोरजोरात मान हलवली. कोपरानं त्याला ढोसलं. डोळे मोठे केले. त्यानं माझ्याकडे पाहिलं, घाबरला, टेम्पो कडेला घेतला आणि सीटखालून एक प्लास्टिकची पिशवी काढून माझ्या तोंडासमोर धरली. “उलटी येतीय का मॅडम? करा, लाजू नका. पेशंट लई नेलेत मी.”

मी डोळे मिटून घेतले. त्याला वाटलं मला बरं वाटलं.

या वाटेचं वर्णन करायला हवं, नाहीतर प्रवासवर्णन कसलं. चिंचोटीच्या बाजूला डोंगर आहेत. पावसाळ्यात इथे धबधब्याला इतकी गर्दी होते की पाणी दिसत नाही. मे महिन्यात डोंगर करडे, उघडे, गाड्यांची धूळ खात बसलेले. रस्त्याच्या कडेला करवंदं आणि ताडगोळे घेऊन बायका बसल्या होत्या. मला ताडगोळे फार आवडतात. मी ते बंद काचेतून पाहिले.

मग टेम्पो एका आडरस्त्याला लागून तारेच्या कुंपणासमोर थांबला. आत लाल सिलिंडरच्या रांगाच रांगा.

“आलं मॅडम,” बालाजी आनंदानं म्हणाला. “गॅस.”

क्षणभर मला कळेना. मग सगळं एकदम कळलं. गास ऐकून यानं गॅस समजला. घर बदलणारी माणसं गॅसचं कनेक्शन बदलतात, पायाशी दोन सिलिंडर आहेत, साहेबांनी बजावून ‘गास, गास’ सांगितलंय. त्याच्या बाजूनं सगळं बरोबर होतं. आणि तेच मला सहन होईना.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. सुहासचा आवाज मला स्पष्ट ऐकू येत होता.

“अरे कुठे आहात?”

“गॅसला पोचलो की साहेब.”

“गासला पोचलात? छान. मग आत या ना, तिसऱ्या गल्लीत.”

“तिसऱ्या गल्लीत व्हय? बरं.” त्यानं फोन ठेवला, उतरला आणि सिलिंडरच्या रांगा मोजायला लागला.

एक शब्द बोलले असते तर प्रश्न मिटला असता. ऐकायला होतं कोण? बालाजी आणि सिलिंडर. पण दारात पोचल्यावर आई विचारणार, बोललीस का, आणि मी तीस वर्षं पोरांना एकच गोष्ट शिकवली, की खोटं बोलू नका. शिवाय आता मला हट्टही चढला होता. इतका अपमान सोसल्यावर निम्म्यात हरायचं म्हणजे काय!

बालाजी परत आला तो गोदामाच्या वॉचमनला घेऊन. हा म्हातारा, खाकी सदरा, गळ्यात गमछा. “या मॅडम,” बालाजीनं त्याला हळू आवाजात सांगितलं, पण मला ऐकू येईल इतका हळू. “बोलत न्हाईत. मुक्या हायेत. बिचाऱ्या.”

बिचाऱ्या! मला!

मी एक हात डब्यावर घट्ट ठेवला आणि दुसऱ्या हाताच्या बोटानं डॅशबोर्डवरच्या धुळीत लिहिलं: गास.

बालाजीनं वाकून वाचलं. “गॅस. तेच तर आलोय.”

मी ‘गा’च्या कान्याखाली तीन रेघा मारल्या. कुठे आहे चंद्र? दाखव मला ‘गॅ’वरचा चंद्र! गॅरेज, बॅट, मॅडम, सगळीकडे चंद्र काढतात, मी हजारो पोरांकडून तो काढून घेतला आहे. पण दुकानांच्या पाट्यांवर जो तो ‘गास सिलिंडर’ नि ‘बाटरी’ लिहितो, मग पोरं तरी काय वाचणार? त्या पाट्या रंगवणाऱ्यांचा राग मला त्या वेळी इतका आला की डोळ्यांत पाणी आलं. बालाजी म्हणाला, “रडू नका मॅडम.”

मी पुढे लिहिलं: गाव.

“गॅस गाव?” त्यानं डोकं खाजवलं.

मी लिहिलं: चर्च. गासचं चर्च वसईत सगळ्यांना माहीत आहे. बालाजीनं डब्याकडे पाहिलं, कपाळावरच्या माझ्या कुंकवाकडे पाहिलं आणि परत डब्याकडे पाहिलं.

पण वॉचमननं वाचलं आणि तो हसायला लागला. दात नव्हते, त्यामुळे खूप वेळ हसला. “अरे येड्या, हे गास! सोपाऱ्याच्या अंगाचं. लायनीच्या पल्याड. तू इकडं कामणला कुठं आनलास त्यांना?” मग तो आत जाऊन पाण्याची बाटली घेऊन आला. “पानी घ्या बाई. ऊन लय हाय.”

माझे दोन्ही हात परत डब्यावर गेले होते. त्यानं खिडकीतून वरून माझ्या तोंडात पाणी ओतलं. निम्मं पदरावर सांडलं. त्या दिवशी मला ज्याचा राग आला नाही असा हा एकटाच माणूस.

माणिकपूर

परत फाटा, परत एव्हरशाईन. आमची बिल्डिंग खिडकीतून दिसली आणि माझा जीव जळला. दीड तासात आम्ही जिथून निघालो तिथे पोचलो होतो. पुलावर गाड्यांची रांग. पूल उतरून माणिकपूरला आलो तेव्हा एक वाजून गेला होता. तिथे चर्चमधली रविवारची मिस्सा सुटून माणसं कधीच घरी जेवायला गेली असतील, पण दुकानं, रिक्षा आणि हॉर्न तसेच. बालाजीचा चेहरा पडला होता. त्यानं सुहासला फोन लावला.

“साहेब, तुम्ही सकाळी गास म्हन्ला होता का गॅस?”

“गास.”

“तेच म्हन्तोय मी. गास का गॅस?”

सुहासनं काय ऐकलं देव जाणे, पण तो म्हणाला, “हो, बरोबर, लवकर या.” लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून मी या माणसाला नावानं हाक मारते, कारण ‘अहो’ म्हटलं तर तो लक्ष देत नाही. नावानंही देत नाही, हे तिसऱ्या वर्षी कळलं.

बालाजीनं टेम्पो थांबवून सहा वडापाव आणले. चार मागे दिले. पाचवा स्वतःसाठी. सहावा कागदातून काढून माझ्यासमोर धरला. मी मान हलवली. पोटात कावळे ओरडत होते, पण उष्टा हात देवांच्या डब्याला कसा लावायचा? मग त्यानं वड्याचा तुकडा मोडला, पावात धरला आणि माझ्या तोंडाजवळ आणला.

“खा. माझ्या आजीला असंच भरवत होतो. तिचे हात गेले होते.”

मी खाल्ला. वडा थंड होता, चटणी आंबलेली होती, आणि मी अख्खा खाल्ला. मला या माणसावर नीट रागावताही येईना, याचाच मला राग आला.

चुळण्याचा रस्ता

माणिकपूर मागे पडलं की चुळण्यावरून गासचा रस्ता जातो. मला वाटलं होतं, शेवटचा टप्पा सुखाचा जाईल. केळीच्या वाड्या लागल्या, मोकळी शेतं लागली, रस्ता अरुंद झाला, आणि समोरून लग्नाची वरात आली. पुढे बँड, ट्रम्पेट आणि मोठा ढोल. त्यामागे लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या बायका एकमेकींचे हात धरून नाचत होत्या. त्यामागे सुटातला नवरा आणि पांढऱ्या झग्यातली नवरी, दोघं घामानं भिजलेली. आमच्याकडे वरातीत म्हाताऱ्या नाचत नाहीत. त्या गाडीत बसून नाचणाऱ्यांना नावं ठेवतात. एरवी मी उतरून पाहिलं असतं.

बँडवाल्यानं हातानं खूण केली: मागे घे. बालाजीनं रिव्हर्स टाकला. मागच्या हमालांना ताडपत्रीमुळे काही दिसत नव्हतं, आणि बालाजीच्या बाजूचा आरसा बाहेर आलेल्या कपाटानं झाकला होता. माझ्या बाजूच्या आरशात मला टेम्पोच्या अगदी मागे एक म्हातारी दिसली. वरातीला मिळायला निघालेली, केसांत अबोलीचा गजरा. तिची चप्पल निघाली होती आणि ती रस्त्याच्या मधोमध वाकून ती शोधत होती. बँडच्या आवाजात तिला टेम्पो ऐकू येणं शक्य नव्हतं. टेम्पो मागे चालला होता. आरशातली म्हातारी मोठी होत होती, मग तिचं डोकं आरशातून गेलं.

“अरे थांब!”

माझा तो पटांगणापलीकडे जाणारा आवाज. बालाजीनं ब्रेक मारला. मागे भांडी कोसळली. बँडसुद्धा थांबला.

म्हातारी टेम्पोच्या मागून बाहेर आली, पायात चप्पल. तिला काही कळलंच नव्हतं. उलट तिनं टेम्पोवर हात आपटला आणि बालाजीला ओरडली, “रस्ता काय तुझ्या बापासचा हाय? कुठं आनून उभा केलास!” आणि वरातीत जाऊन नाचायला लागली.

बालाजी माझ्याकडे तोंड उघडं टाकून बघत होता. “मॅडम,” तो म्हणाला, “तुम्ही बोलता?”

एकदा धरण फुटल्यावर काय राहतं? मी बोलले. गास म्हणजे काय, गॅस म्हणजे काय, कान्यात आणि चंद्रात फरक काय, आईंनी कसली अट घातली होती, सेक्रेटरी कसा माणूस आहे, दुसऱ्या मजल्यावरची बाई कशी आहे, सगळं बोलले. वरात संपेपर्यंत बोलले. बालाजीनं स्टिअरिंगवर हात जोडले होते. मग मला आठवलं की माझ्या हातात डबा आहे, आणि मी गप्प झाले.

म्हणजे आई डोंबिवलीला जाणार. चार महिने धावपळ करून शोधलेलं घर, अंगण, तुळस, सगळं एका शब्दात गेलं. आणि तो शब्द परत काढायची वेळ आली तर मी परत काढणार होते, यात मला जराही शंका नव्हती. मग चूक कुणाची? डबा मांडीवर जड झाला.

“आजींना मी सांगत न्हाई,” बालाजी म्हणाला.

गास

तीन वाजता पोचलो. आमच्या घराचं दार सताड उघडं आणि आत कुणी नाही. आई शेजारच्या ओट्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसल्या होत्या. देव आले नाहीत तर त्या आत कशा जाणार? साडेअकरापासून तिथेच. शेजारच्या फिलोमिनाबाईंनी त्यांना पाणी दिलं होतं, जेवायला वालाची आमटी-भात दिला होता, वर सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, दिली होती, आणि आता त्या पुठ्ठ्यानं वारा घालत होत्या.

“ही बघा, तुमची सून आली,” फिलोमिनाबाई म्हणाल्या. “कवापासून वाट बघतात. मी बोलले, घरात येऊन पडा, तर नाय.”

आई काठी टेकत उठल्या. त्यांनी आधी डबा पाहिला, मग मला.

“बोललीस?”

त्यांच्या मागे सुहास उभा होता. तो माझ्याकडे बघून नाही-नाही अशी मान हलवत होता. माझा चेहरा बघूनच त्याला कळलं होतं. टेम्पोतून बालाजी ओरडला, “एक शब्द न्हाई बोलल्या आजी! मला तर वाटलं मुक्याच हायेत!”

खोटं बोलायला मला तोंडसुद्धा उघडावं लागणार नव्हतं. मान हलवली की झालं.

“बोलले, आई,” मी म्हणाले.

सुहासनं डोळे मिटले. मी वाट पाहत राहिले, आता म्हणतील, अनिलला फोन लाव.

“काय बोललीस?”

“थांब म्हणाले. ड्रायव्हरला. टेम्पोमागे एक म्हातारी होती, तिच्या अंगावर चालला होता.” बाकीचं भाषण मी सांगितलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं.

“म्हातारी वाचली?”

“वाचली. नाचायला गेली.”

आई पुन्हा खुर्चीत बसल्या. मग म्हणाल्या, “तेही हेच म्हणाले होते.”

“कोण?”

“तुझे सासरे. एव्हरशाईनच्या जिन्यात, तिसऱ्या मजल्यावर. तेव्हा लिफ्ट लागली नव्हती. मी पुढे कळशी घेऊन, ते मागे डबा घेऊन. माझ्या लुगड्यात पाय अडकला आणि मी मागे कलले. ते म्हणाले, ‘अगं थांब, पडशील.’ आणि एका हातानं मला धरलं.” त्यांनी आपला डावा दंड धरून दाखवला. “एवढंच बोलले. माझ्यासाठी बोलले आणि सातव्या महिन्यात गेले.”

सव्वीस वर्षं त्या ते वाक्य म्हणत होत्या. मी सव्वीस वर्षं ऐकत होते, की या बाई अण्णांना दोष देतात. त्या स्वतःला दोष देत होत्या. पोरांनी अर्धवट वाक्य बोललं तर मी त्यांना बाकावर उभं करून पूर्ण करायला लावायचे, आणि घरात रोज अर्धं वाक्य ऐकून मी एकदाही विचारलं नाही, की अण्णा काय बोलले? सकाळपासून मी सगळ्या जगावर चिडले होते. त्या क्षणी मला जितका स्वतःचा राग आला तितका कुणाचाच आला नव्हता.

“मग बरोबरच बोलले की,” फिलोमिनाबाई म्हणाल्या. पुठ्ठा हलवायचा थांबला होता. “देव हातात हाय म्हनून बायकोला पडू द्यायचं काय? देवाला पन कलतं, कोन कशाला बोलला.”

आईंनी त्यांच्याकडे पाहिलं. काठीवर भार देऊन त्या उठल्या आणि काठी सुहासच्या हातात दिली. माझ्यासमोर येऊन त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

“दे इकडे.”

मी डबा दिला. हात इतके आखडले होते की बोटं उघडेनात.

आई डबा छातीशी धरून अंगणातून चालत गेल्या. त्या पडू नयेत म्हणून सुहास मागे धावला. उंबऱ्यापाशी त्या थांबल्या, आणि मोठ्यानं बोलायला लागल्या.

“सुहास, मला धरू नकोस, मी पडत नाही. शैला, इथला उंबरा उंच आहे गं, बघून ये. फिलोमिनाबाई, तुम्हीपण या, लांब का उभ्या? आणि त्या ड्रायव्हर पोराला आधी काहीतरी खायला द्या, तोंड बघा त्याचं. खिडकी उघडा ती, केवढी मोठी आहे. इथून झाडं दिसतात की…”

दारापासून देवघर अकरा पावलांवर आहे. त्या अकरा पावलांत आई एकदाही गप्प बसल्या नाहीत.